कीलीचं कोपर

ग्रिम्सबी, १२ जानेवारी

कीली बाळा,

डाव्या हातात चहाचा कप आणि उजव्या हातात तुझं पत्र, त्यामुळे लिहायला हात उरला नव्हता. शेवटी कप ठेवला. दोन सामने जिंकलीस, एक नाही, दोन. मी शेजारच्या आयव्हीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, आणि गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा आपला मीटर बघत होता. तरी चांगलं म्हणाला.

तुझी आजी चौदाव्या वर्षी शाळा सोडून मासळीच्या कारखान्यात गेली, तेव्हा अक्षराला नाव ठेवू नकोस. फोनवर बोलता आलं असतं तर मी एवढं लिहीत बसले असते का? पण त्या कारखान्यातल्या यंत्रांनी कान खाल्ले ते खाल्ले. तुझी आई म्हणते कानात मशीन घाल. घातलं होतं. मला माझ्याच चावण्याचा आवाज यायचा. हॅडक मासा खाताना घोडा चालल्यासारखं वाटायचं. काढून ठेवलं.

हां, तर मुख्य सांगायचं राहिलं. तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं तू जिंकलीस ते. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचं जेवण असतं ना, तिथे व्हिन्स म्हणून एक जण यायला लागलाय. पन्नाशीचा असेल. त्याच्या आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन येतो. आईला काही आठवत नाही, पण खीर दोनदा मागायचं विसरत नाही. मी तुझं नाव काढलं तर हा म्हणतो, "कीली? ट्युनिशियात खेळते ती? डावखुऱ्या मुलीला काल हरवलं ती?" माझ्या हातातला काटा खाली पडला. उभ्या ग्रिम्सबीत तुझा खेळ माहीत असलेला पहिला माणूस. त्याने फोन काढून दाखवला. नुसते आकडे असतात त्यात, चित्र नाही. पण तू तिकडे चेंडू मारलास की इकडे माझ्या वाटाण्याच्या ताटाशेजारी आकडा बदलतो. मी दोन्ही हात तोंडावर धरून बघत बसले. वाटाणे गार झाले, होऊ देत.

आणि जूनचं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. विम्बल्डनच्या पात्रता फेरीत आपल्या देशाच्या काही मुलींना थेट जागा देतात, त्यात यंदा तुझं नाव बोलण्यात आहे. मे महिन्यात ठरवतील. सत्ताविसावं संपत आलं, पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, असं तू लिहिलंस, मी नाही. मी म्हणते यंदाच घेतील. मी टोपी बघून ठेवलीय, निळी.

तुझी,
मेव्हिस आजी


मोनास्तिर, २३ जानेवारी

आजी,

तुझं पत्र हॉटेलच्या माणसाने नाश्त्याच्या टेबलावर आणून दिलं. सगळ्या मुली बघत होत्या. आम्हाला इथे पत्रं येत नाहीत, शिव्या येतात.

खरंच सांगते. हरले की फोनवर अनोळखी माणसांचे निरोप येतात. आमच्या सामन्यांवर पैसे लावणारे लोक आहेत, जगभर, दिवसभर. जगात सहाशेव्या नंबरच्या मुलीवर कोण पैसे लावतं असं तुला वाटेल. लावतात. कुत्रा सांभाळायची लायकी नाही तुझी, असं परवा एकाने लिहिलं. मॉर्व्हनने, म्हणजे माझ्या खोलीतल्या स्कॉटिश मुलीने, त्याला उत्तर लिहिलं की कुत्रा मजेत आहे. आमच्याकडे कुत्रा नाही.

इथे चेंडू उचलायला कोणी नसतं, आपले आपणच उचलायचे. चेंडू रेषेच्या आत की बाहेर हेसुद्धा आपणच ओरडून सांगायचं. कोर्टावर मांजरं येतात. हरलेली आणि जिंकलेली संध्याकाळी एकाच भांड्यातला भात वाढून घेतात. असे सहा आठवडे काढायचे आहेत, एकाच हॉटेलात.

एक गोष्ट. माझं उजवं कोपर दुखतंय. सर्व्हिस मारायला हात वर नेला की आत कोणीतरी सुरी फिरवतंय असं होतं. पुढच्या आठवड्यात खेळणार आहे, पण हळू मारावी लागेल. आईला सांगू नकोस. ती लगेच परतीचं तिकीट काढेल, आणि आत्ता परतले तर जूनचं विसरायचं.

व्हिन्सला माझा नमस्कार सांग. ग्रिम्सबीत माझा एक तरी चाहता आहे म्हणायचा.

कीली


ग्रिम्सबी, ४ फेब्रुवारी

कीली बाळा,

आईला एक अक्षर सांगितलेलं नाही. रविवारी लॉरेन आली होती, मटण केलं होतं, आणि तिने विचारलं, आई, कीली काय म्हणते. मी म्हटलं मांजरं आहेत म्हणते. झालं. मी बटाट्यांकडे बघत राहिले.

कोपराचं मला विचार. सव्वीस वर्षं हॅडक कापले मी. सुरीच्या हाताचं कोपर माझंही असंच व्हायचं. हंसाची चरबी कोमट करून चोळायची आणि वर लोकरीचा मोजा, टाच कापून. हंस तिकडे मिळत असेल तर बघ. मोजा पाठवतेय.

तुझा नमस्कार व्हिन्सला पोचवला. इतका खूष झाला, की त्याने मला आणि त्याच्या आईला गाडीत घालून क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर नेलं आणि मासे-चिप्स दिले. वाऱ्याने चिप्स उडत होते, त्याची आई हसत होती. किती दिवसांनी मी समुद्राकडे तोंड करून बसले. आणि तुझी काळजी किती त्याला. म्हणाला, कीलीची सर्व्हिस या आठवड्यात कमी पडतेय, आकड्यांवरून कळतं. मग मी म्हटलं बाबा, कोपर आहे ते. कोणतं, उजवं का? म्हटलं उजवंच. पुढच्या आठवड्यात खेळणार का? म्हटलं खेळणार, पण हळू मारणार. त्याच्या डोळ्यांत काळजी दिसली मला.

मग म्हणाला, त्याच्या ओळखीची दहा-बारा पोरं आहेत, सगळी तुझा खेळ बघतात, त्यांना सांगितलं तर चालेल का. मी म्हटलं सांग की, सगळ्यांनी मिळून देवाकडे मागितलं तर कोपराला बरं. आहेस कुठे तू, इथे दहा-बारा जण तुझं नाव घेऊन दुकानात बसतात. कसलं दुकान ते मी विचारलं नाही. चहाचं असेल.

तुझी आजी


मोनास्तिर, १३ फेब्रुवारी

आजी,

काल हरले. ६-१, ६-२. पहिल्याच फेरीत. हातच वर जात नव्हता. समोरची पोर अठरा वर्षांची होती. सामना संपल्यावर तिने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का. 'तुम्हाला' म्हणाली.

गंमत ऐक. रात्री शिव्या येतील म्हणून मी फोन उघडतच नव्हते. सकाळी उघडला तर शिव्या नाहीत. आभार. पाच-सहा जणांनी आभार मानलेत. 'छान हरलीस, कीली.' एकाने हॅडकचं चित्र पाठवलं. मॉर्व्हन म्हणाली, शेवटी जग सुधारलं. आम्ही दोघी हसलो.

दोन आठवडे विश्रांती घेते, मग शेवटच्या दोन स्पर्धा खेळून घरी. प्रशिक्षक म्हणाले, निवड करणारे विचारत होते माझ्याबद्दल. कोपर बरं झालं पाहिजे, एवढंच. आजी, मी देवाबिवाचं बोलत नाही कधी, पण एवढं एक मिळालं की मी कोणाकडे काही मागणार नाही.

तुझं पत्र अजून आलेलं नाही.

कीली


मोनास्तिर, १६ फेब्रुवारी

आजी,

मोजा आला. त्यासोबतचं पत्र वाचलं.

व्हिन्सशी माझ्याबद्दल एक शब्दही बोलू नकोस. त्याच्याशीच नाही, कोणाशीच नाही. ते दुकान चहाचं नाही, आजी. सट्ट्याचं आहे. त्या पोरांनी मी हरणार म्हणून पैसे लावले. त्यांना माझं कोपर माहीत होतं, जगात बाकी कोणाला माहीत नव्हतं.

आमच्यात नियम आहे. खेळाडूचं दुखणं ही बाहेर न सांगायची गोष्ट. खेळाडूने सांगितली किंवा त्याच्या घरच्यांनी सांगितली, दोन्ही सारखंच. दरवर्षी आम्हाला यावर प्रश्न विचारून परीक्षा घेतात. मी पासही झालेय. आईला सांगू नकोस एवढंच मी तुला लिहिलं. चूक माझीच.

आणि कळल्यावर गप्प बसणं हा त्याहून मोठा गुन्हा. मॉर्व्हन म्हणतेय, कोणाला काय कळणार, गप्प बस, जून जाऊ दे. मी दिवसभर विचार केला. हे पत्र टपालात टाकून मी टेनिसच्या चौकशीवाल्यांच्या माणसाला सगळं सांगायला जातेय. सांगितल्यावर ते म्हणतील कोणाशी बोलू नकोस, म्हणून तुला आधी लिहितेय. आईला फोन करून एवढंच सांगते की आजीला म्हणावं माझ्या टेनिसबद्दल कोणाशी बोलू नकोस. कारण सांगणार नाही.

तू घाबरू नकोस. फक्त बोलू नकोस.

कीली


ग्रिम्सबी, २१ फेब्रुवारी

कीली बाळा,

तुझं तेरा तारखेचं पत्र आज आलं. हरलीस तर हरलीस, आभार मानणारे लोक भेटले हे काय कमी आहे? मी म्हणते ना, जगात चांगली माणसं आहेत. आणि हॅडकचं चित्र म्हणजे नक्की आपल्या गावचा कोणीतरी. मला तर भरून आलं.

तुझी आई काल तोंड वाकडं करून आली. म्हणाली, आई, कीलीच्या खेळाचं गावभर सांगत बसू नकोस. मी म्हटलं मी कोणाला सांगते? लहानपणापासून तिला माझ्या बोलण्याचा त्रास. शाळेच्या फाटकात मी कोणाशी बोलत उभी राहिले की ही कोट ओढायची. मी म्हटलं बरं बाई, नाही बोलणार परक्यांशी. व्हिन्स थोडाच परका आहे. त्याची आई माझ्या हातून खीर खाते.

आज मंगळवार, हॉलमध्ये त्याला सांगितलं की तू दोन आठवडे विश्रांती घेणार आणि मग शेवटच्या दोन स्पर्धा. त्याने लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. इतकं बारकाईनं ऐकणारा माणूस मी तुझ्या आजोबांनंतर पाहिला नाही. आजोबासुद्धा ऐकायचे नाहीत, खरं म्हणजे. मान हलवायचे.

निळी टोपी घेऊन टाकली.

तुझी आजी


ग्रिम्सबी, २७ फेब्रुवारी

कीली,

तुझं सोळा तारखेचं पत्र आलं. तेरा तारखेच्या आधी आलं असतं तर. पण पत्रं काय, वाटेल तशी येतात.

मी कोट घातला आणि मंगळवार नसतानाही व्हिन्सच्या घरी गेले. घर माहीत होतं, आई खिडकीत बसते. त्याने चहा ठेवायला घेतला. मी म्हटलं चहा नको, तू माझ्या नातीच्या हरण्यावर पैसे लावलेस का ते सांग. तो लालबुंद झाला.

"मी कधीच तिच्याविरुद्ध लावत नाही, मेव्हिस. मी तिच्याच बाजूने लावले. गेले सगळे."

"मग विरुद्ध कोणी लावले?"

"पोरांनी. तूच म्हणालीस, सांग की."

हे मी म्हणाले होते. त्याची आई मध्येच म्हणाली, आज खीर आहे का. मी निघून आले. बसच्या थांब्यावर तीन बस गेल्या, मी चढलेच नाही.

बाळा, मी त्याला वाईट म्हणू का चांगला म्हणू हेही कळत नाही. तू म्हणतेस बोलू नकोस. मी आता आयव्हीशी फक्त कोबीचं बोलते. पण तू त्यांना सांगितलंस म्हणतेस, मग आता काय होणार? जूनचं काय होणार? मला लिही. नको, लिहू नकोस. मला कळत नाही लिहू म्हणू की नको म्हणू.

आजी


ग्रिम्सबी, १९ मार्च

कीली बाळा,

काळजी मिटली. मी सगळं निस्तरलंय. तू फक्त ऐक आणि आजीला शाबासकी दे.

तुमच्या त्या चौकशीवाल्यांची बाई काल घरी आली. मिस पेलिंग. तरुण आहे, बूट चांगले होते, दाराशीच काढले. मी तिला आल्याचा केक दिला, तिने दोन तुकडे खाल्ले. म्हणजे मनाने वाईट नाही. मग तिने टेबलावर आवाज पकडायचं यंत्र ठेवलं. मी तीन रात्री विचार करून ठेवला होता काय सांगायचं.

मी म्हटलं, बाई, माझ्या नातीने मला कोपराबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. मी आपली बढाई मारायला रचून सांगितलं. मला काय ठाऊक तिच्या कोपराचं? म्हाताऱ्या बाईचं डोकं. मी मुद्दाम तिला दोनदा लॉरेन म्हणून हाक मारली, म्हणजे माझं डोकं फिरलंय असं तिला वाटावं. चहात साखरेऐवजी मीठ घालणार होते, पण तिला प्यायचा होता ना, जीव झाला नाही. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, तर त्यासाठी मी घरातच टोपी घालून बसले होते. निळी.

तिने दोनदा विचारलं, नक्की का? मी म्हटलं नक्की. येशूच्या तसबिरीकडे पाठ करून बसले होते.

आता सगळं माझ्यावर आलं, तू मोकळी. मला काय करणार आहेत, चर्चमधलं जेवण बंद करतील? करू देत. किती दिवसांनी मी रात्री सरळ झोपले.

तुझी आजी


स्टर्लिंग, २ एप्रिल

आजी,

मी मॉर्व्हनच्या आईवडिलांकडे आहे. हे शेवटचं पत्र, ज्यात मी या विषयाचं लिहितेय, आणि हेसुद्धा लिहायला नको होतं.

मी त्यांना पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तुला कोपराचं लिहिलं, आईला सांगू नकोस एवढंच म्हटलं, सगळं. तेव्हा ते म्हणाले होते की तू स्वतःहून आलीस, बहुतेक एप्रिलमध्ये मिटेल. आता त्यांच्याकडे दोन हकिगती आहेत, माझी आणि तुझी. त्या जुळत नाहीत. दोघींपैकी कोणीतरी काहीतरी लपवतंय असं त्यांना वाटतं. आता माझा फोन घेतलाय. व्हिन्सचा घेतलाय. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खेळायला बंदी नाही. पण ज्या मुलीची चौकशी चालू आहे तिला थेट जागा कोण देणार, असं प्रशिक्षक म्हणाले. मे महिन्यापर्यंत संपली नाही तर संपलं.

तू साक्षीदार आहेस, म्हणून मला तुला भेटायची परवानगी नाही. गाडीने आले तर संध्याकाळच्या जेवणाला तुझ्याकडे पोचेन. येता येत नाही. पत्रं लिहायला हरकत नाही, पण हवापाण्याचं.

रागावलीस का, असं तू विचारशील. मला रागवायचंय, आजी. पण कोणावर, ते सापडत नाही. तुझ्यावर म्हटलं तर तुझी टोपी डोळ्यांसमोर येते.

मिस पेलिंग परत आली तर खरं सांग. केक दे, पण खरं सांग.

कीली


ग्रिम्सबी, २४ मे

कीली बाळा,

हवा: सकाळी ढगाळ. दुपारी नदीवरून वारा. आयव्हीची चादर दोरीवरून उडून आमच्या कुंपणावर आली. संध्याकाळी उघडलं. हवेचं संपलं.

आता पुढचं मी हवेतच लिहितेय असं समज. मिस पेलिंग गेल्या महिन्यात पुन्हा आली. लॉरेन शेजारी बसली होती, मीच बोलावली. मी खरं सांगितलं. खरं सांगायला चहाचं पाणी उकळेपर्यंतचासुद्धा वेळ लागला नाही. पहिल्या वेळी अख्खी दुपार गेली होती. तिने विचारलं, मग आधी खोटं का सांगितलं? मी म्हटलं, मला वाटलं खोट्याने भागेल. तिने केक खाल्ला नाही. मी लॉरेनकडे बघितलं, तर तिचं लक्ष खिडकीबाहेर.

लॉरेनने मला शिव्या दिल्या नाहीत, कीली. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला कोपराचं पहिल्यांदा कळलं ते मिस पेलिंगच्या तोंडून. जाताना तिने माझी भांडी घासली. माझी भांडी ती कधी घासत नाही.

काल ती पुन्हा आली. मला ऐकू येत नाही म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. यादी लागली. कीलीचं नाव नाही. खाली लिहिलं, मॉर्व्हनचं आहे.

मी पाकीट उलटं करून बघितलं, मागे अजून काही आहे का. विजेचं बिल होतं.

मी कोणाकडे जाऊ? मी कोणाला सांगू की यात पोरीची काही चूक नाही? आता सांगायला तोंड उघडलं की मला भीती वाटते. हॉलमध्ये गेले होते, सगळे बोलत होते, मी वाटाणे मोजत बसले. व्हिन्स येत नाही आता. त्याच्या आईला नगरपालिकेची मुलगी आणते.

हवा: रात्री बहुतेक पाऊस.

आजी


लंडन, ११ जुलै

आजी,

चौकशी संपली. मला लेखी ताकीद दिली, बाकी काही नाही. तू मुद्दाम केलं नाहीस आणि मी लपवलं नाही, असं त्यात लिहिलंय. चांगली भाषा आहे. मे महिन्यात लिहिली असती तर.

मॉर्व्हनचा सामना बघायला जूनमध्येच इथे आले होते. पहिल्याच फेरीत हरली, पण तिसरा सेट टायब्रेकपर्यंत नेला. हिरवळ अशी होती की चालताना लाज वाटावी. चेंडू उचलायला पोरं होती, मॉर्व्हनला सवय नाही, ती आपणच वाकत होती, मग हसत होती. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सामन्यानंतर ती रडली, आणि मला म्हणाली, तू असायला हवी होतीस. मी म्हटलं, मी आहे की. तिला जे म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

खाली एक ओळ खोडलीय, माफ कर. लिहून गेले आणि मग लक्षात आलं.

मी पुन्हा खेळणार आहे. सत्तावीस काय आणि अठ्ठावीस काय. पण आजी, वकिलाने सांगितलंय आणि मलाही पटलंय. आता मी कुठे आहे, हात कसा आहे, कधी खेळणार, यातलं तुला काही लिहिणार नाही. तू कोणाला सांगशील म्हणून नाही. तुला कोणी विचारलं तर तुझ्याकडे खोटं बोलायची वेळच येऊ नये, म्हणून. पत्र आईकडे दे, ती पुढे पाठवेल.

भेटायला मात्र येईन. नाताळला. तोपर्यंत हवा.

कीली


४ ऑगस्ट

आजी,

इथे ऊन आहे. वारा नाही. संध्याकाळी चिमण्या फार ओरडतात.

तू जेवतेस ना नीट?

कीली


ग्रिम्सबी, १६ ऑगस्ट

कीली बाळा,

पत्र आलं. लॉरेनने दारातूनच दिलं, मग आत येऊन बसली. मी तिच्यादेखत उघडलं आणि तिला वाचायला दिलं. आधी कधी दिलं नव्हतं. तिने दोनदा वाचलं, तीन ओळी आहेत तरी.

जुलैच्या पत्रातली ती खोडलेली ओळ मी खिडकीच्या काचेवर धरून बघितली. मग दिव्यापुढे. तू इतकी काळी केलीस की कागद फाटायला आलाय. चांगलं केलंस. मला वाचता आली असती तर मी कुठेतरी बोलले असते. मला माझी खात्री नाही.

हवा सांगते. इथे ढग. आयव्हीच्या टोमॅटोंना ऊन मिळत नाही म्हणून ती ते खिडकीतून खिडकीत फिरवते, पूर्वेकडून पश्चिमेकडे, दिवसभर, आजारी माणसाला कूस बदलून द्यावी तसं. मी मदत करते. जेवते नीट. पाव, लोणी, मंगळवारी मासे.

मंगळवारी हॉलमध्ये नवीन बाई होती, माझ्यासमोर बसली. कोणीतरी तिला सांगितलं असणार, हिची नात टेनिस खेळते. तिने मोठ्या कौतुकाने विचारलं, सावकाश, ओठ हलवून, मला कळावं म्हणून. कुठे असते तुमची नात? कशी आहे? जिंकते का? टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आठ महिन्यांपूर्वी मी खुर्ची मागे सारून उभी राहून सांगितलं असतं. आता मला खरंच माहीत नव्हतं, कीली. कुठे आहेस माहीत नाही, कशी आहेस माहीत नाही. ती बाई वाट बघत होती, हसतमुखाने.

मी म्हटलं, "तिच्याकडे ऊन आहे."

तुझी,
आजी